तू उठून गेल्यावरची खोली

प्रिय ठकूबाई,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. घरच्या पत्त्यावर का पाठवलं नाही, ते येईलच पुढे. अक्षराला नावं ठेवू नकोस. गावच्या शाळेत छडीने जेवढं वळलं, तेवढंच वळलंय.

आधी गंमत सांगते. तुझी आई फोटोग्राफर झाली. मोबाईलच्या दुकानातल्या बाईने शिकवलं, की तुझा व्हिडिओ कॉल चालू असताना दोन बटणं एकदम दाबली की समोरचं दिसतंय त्याचा फोटो निघतो. मला तुझा फोटो हवा होता. तुझे बाबा गेल्यापासूनचा एकही नाही माझ्याकडे. पण माझी बोटं म्हणजे लाटणी. ती जागेवर बसेपर्यंत तू पाणी प्यायला उठलीस आणि फोटो आला नुसत्या खोलीचा.

पुसून टाकणार होते, पण बघतच बसले. जाड पडदा, किटली, उपडा ठेवलेला ग्लास, भिंतीवर एक चित्र, कशाचं ते देवच जाणे. कुणी राहतंय म्हणावं तर तसं काही दिसेना, आणि नाही म्हणावं तर पलंगाखाली तुझी चप्पल. तेव्हापासून मी मुद्दाम तू उठायची वाट बघते. तू समोर असलीस की स्टुडिओत बसल्यासारखी हसतेस, मग मला मागचं काही दिसत नाही.

स्टुडिओवाल्याकडून सगळे फोटो कागदावर काढून घेतले. तो म्हणतो कसा, आजी, लॉज काढताय की काय, यात माणूसच नाही. म्हटलं, माणूस पाणी प्यायला गेलंय, येईल.

तू म्हणालीस, घराला रंग चाललाय म्हणून दोघं बाहेर राहतोय. बरं. मग खोली आवडली नाही म्हणून बदलली. तेही बरं. मग आणखी एक. अगं, एवढ्या दिवसांत राजवाडा रंगून झाला असता, वर रंगारी म्हातारा झाला असता. आणि जावईबापू कुठे म्हणून विचारलं, की अंघोळीला गेलेत. सकाळी अंघोळीला, दुपारी अंघोळीला, दिवेलागणीला पुन्हा अंघोळीला. एवढा वेळ तर म्हैसही पाण्यात बसत नाही. हे मी तुला म्हटलं, तेव्हा तू केवढी हसलीस. आणि हसता हसता उठलीस, पाणी प्यायला.

तो फोटो मी वेगळा ठेवलाय. त्यात पलंग दिसतो. एक उशी दबलेली, दुसरी जशीच्या तशी फुगलेली. चादर एकाच कडेला चुरगळलेली. एवढा मोठा पलंग आणि माणूस कडेला, पडेल की काय असं. ते ओळखायला मला शाळा लागली नाही. तुझे बाबा गेल्यापासून मीही कडेलाच झोपते. मधे सरकायला मन होत नाही. सकाळी त्यांच्या बाजूची चादर झटकते, एकही सुरकुती नसते, तरी झटकते.

काल सगळे फोटो त्यांच्या त्या बाजूला मांडले. खोल्या निरनिराळ्या, पण बॅग तीच, दाराशी, चेन लावलेली. घराला रंग देणारं माणूस कधीतरी घरी परत जातं, ठके. तू जाणार नाहीस. त्या पत्त्यावर पत्र टाकून उपयोग नाही, हे मला कळलंय. काय झालं, कोण कुणाला काय बोललं, मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर भांडी घासताना आदळआपट कर, मी समजून घेईन. पण दुसऱ्याच्या पडद्याआड एकटी बसून मला हसून दाखवू नकोस. तुझ्या खोलीतलं शिलाई मशीन मी बाहेर काढलंय, पलंग खिडकीशी लावलाय. सोबत त्या खोलीचा फोटो आहे. त्यातही माणूस नाही. ये. शेजारीण विचारेलच, जावई कुठे आहेत. तू काही बोलू नकोस. अंघोळीला गेलेत, असं मी सांगीन, आणि पाणी प्यायलाही मीच उठेन. तू बसून राहा.

तुझीच,
लाटण्यासारख्या बोटांची
आई