दादाचं शेत

दादा,

दर रविवारी वाचनालयाच्या तळघरात मी लोकांना फवारणीशिवाय भाजी पिकवायला शिकवते. बोलून बोलून घसा बसलाय.

गेल्या रविवारी एका शिंपीणबाईंनी विचारलं, "तुमच्या घरी कोण करतं असं?" थकले होते, बोलून गेले, "माझा भाऊ. दहा वर्षांत औषधाचा थेंब नाही." सगळ्यांनी तुझं शेत बघायचा हट्टच धरला.

आठवडाभर जिवाला चैन नव्हतं. आज खरं सांगून टाकलं. तू औषध मारतोस. 'लोकांना विष खायला घालतोस' असं मी तुझ्या तोंडावर म्हणाले, तेव्हापासून तीन वर्षं आपण बोलत नाही. तू त्याच शेतात राबलास म्हणून माझं शिक्षण झालं, हेही सांगितलं. तुला मात्र ते कधी म्हणाले नाही.

 मग त्यांच्यातले एक निवृत्त ड्रायव्हरकाका म्हणाले, "अहो, मग त्यालाच बोलवा की! तुमच्या होला हो करून आम्हीही कंटाळलो."

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता रडूच फुटलं.

हे पत्र टाकायचा धीर होत नाही. येशील का एखाद्या रविवारी? तू नाही म्हणालास तर सोसेन. पण आलास, आणि मागच्या खुर्चीत बसून माझं सगळं गुमान ऐकून घेतलंस, तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

तुझी भांडखोर,
धाकटी