नंदूला ‘जाते’ म्हणायचं

सोम., ६ जाने.

डॉ. बाई आज ओरडल्याच. “मागच्या वेळीही तुम्ही हेच कारण दिलं होतंत.” म्हटलं, हो, कारण माझा लेक नंदू मागच्या वेळीही होता. त्या हसल्या नाहीत. रक्त असंच जात राहिलं तर पुढे ऑप. करणंही धोक्याचं होईल म्हणाल्या. गर्भाची पिशवी काढावीच लागणार. महिनाअखेरची तारीख दिली. नंतर बरेच दिवस काही उचलायचं नाही.

‘काही’ म्हणजे काय ते त्यांना कुठे माहीत. माझं ‘काही’ तिशी ओलांडलेलं आहे, माझ्याहून वीतभर उंच, आणि मोरीतून उठताना सगळा भार माझ्या खांद्यावर टाकतं.

घरी आले तर स्वारी खिडकीत. “आली!” अशी आरोळी ठोकली की गल्लीतले माग बंद पडावेत.

बुध., ८ जाने.

लेकीचा, वै.चा, जळगावहून फोन. तिच्या सासूबाई अंथरुणावर, नंदूला नेणं शक्य नाही. ऑप.ला मात्र येते म्हणाली. पोरीवर चिडून काय उपयोग? तरी चिडले.

तिनेच शोधून काढलंय, दापोऱ्याच्या रस्त्याला एक घर सुरू झालंय. नंदूसारख्या मोठ्या मुलामुलींना थोडे दिवस ठेवून घेतात, घरच्यांना उसंत मिळावी म्हणून. उसंत! हा शब्द मी विसरलेच होते.

शेजारच्या महाजनबाईंना सांगितलं. “म्हणजे आश्रमच ना, वहिनी?” म्हटलं, आश्रम नाही, ठेवतात आणि परत देतात. “हां हां,” म्हणाल्या. त्यांच्या ‘हां हां’चा अर्थ आश्रमच.

शनि., ११ जाने.

नंदूला घेऊन बघून आले. चहूकडे केळीच्या बागा, मधे बैठं घर, लोखंडी गेट. स्वच्छ आहे. नाव ठेवायला जागा शोधली, फक्त चहा पांचट निघाला. दोन वेण्या घातलेली एक चाळिशीची मुलगी माझं नाव पुन्हा पुन्हा विचारत होती. नंदूने तिचं बिस्किट खाल्लं, तिने त्याचं. म्हणजे ओळख झाली.

सांभाळणारी कमलाबाई निंबोल्याची. धिप्पाड. तिला बघून माझ्या खांद्याला बरं वाटलं.

तिथले सर तरुण आहेत, खंडव्याकडचे. ऑप.आधी एक रात्र ठेवून बघायचं म्हणाले. जमलं तर पुढे ठेवतील. “जबरदस्ती हम नहीं करते, माताजी.” माताजी! साठी यायचीय अजून.

गुरु., १६ जाने.

सकाळी त्याला सोडलं. (वै. म्हणते, ‘सोडलं’ म्हणू नकोस, ‘पोचवलं’ म्हण.) कपड्यांची पिशवी कमलाबाईच्या हाती दिली, त्याच्या केसांवरून हात फिरवला, “येते हं नंदू” म्हटलं आणि निघाले. रडला नाही. हात हलवला. मला वाटलं, जिंकले.

घरी येऊन चहा केला, गरम असताना प्यायले. मग केस धुतले, दाराला कडी लावून, सावकाश. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

संध्याकाळी कमलाबाईचा फोन. “काकी, तुमचा पोरगा गेटपासून हलतच नाही ना! जेवण नाही, पाणी नाही, बाथरूम नाही. उठवायला गेलं की एकच बात, आई येते, आई येते. हम तो बोल बोल के थक गये.”

रिक्षा करून गेले. गेटच्या गजांना टेकून फरशीवर बसलेला. ओठ सुकलेले, पँट ओली. मला बघून “आली!” कसली तक्रार नाही की रडणं नाही. मी म्हटल्याप्रमाणे आले, एवढंच.

सर म्हणाले, “एक बार और देख लेते हैं, माताजी. नहीं तो आप कोई और इंतजाम...”

और कुठला इंतजाम?

शुक्र., १७ जाने.

त्याला आंघोळ घालताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बाजारात जाताना ‘येते’ म्हणते आणि येते. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत म्हणून आपण ‘येते’ म्हणतो, पण हे नंदूला कोणी सांगितलं? त्याच्या लेखी ‘येते’ म्हणजे येतेच, आत्ता. तो काल हट्ट करतच नव्हता. गुणी बाळासारखा वाट बघत होता.

वै.ला फोन केला. ती म्हणाली, उद्या येते असं सांग.

“उद्या कळतं का त्याला? उद्या, परवा, सोमवार, त्याला सगळं सारखंच.”

“मग सरळ जाते म्हण ना आई. त्यात काय?”

“तुझ्या आजीने तोंडावर मारलं असतं माझ्या. जाते कोण म्हणतं? कायमचं निघालेलं माणूस. आणि मी पोट कापून घ्यायला जाताना तेच म्हणू?”

ती म्हणाली, “बाजारात जाताना म्हणून बघ.”

रवि., १९ जाने.

म्हणून बघितलं. चपला घालताना, “नंदू, ज... येते.” पायरी उतरून परत वर आले. पुन्हा तेच. स्वतःचाच राग आला. एवढी तोंडाळ बाई मी, आणि एक शब्द निघेना.

शेवटी म्हटलं. “नंदू, जाते.”

तो मटार सोलत होता. मान वर केली. “येते म्हण.”

“नाही. जाते.”

“येते म्हण, आई.” उठला आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

मीच शिकवलंय त्याला. लहानपणी ‘जातो’ म्हणाला की दर वेळी अडवायची, ‘येतो म्हणावं, बाळा.’ कितीतरी वर्षं लागली. त्याच्या तोंडात जे मोजके शब्द नीट बसले त्यातला हा, आणि आता मीच तो उपटायला निघालेय.

महाजनबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. “वहिनी, ऑपरेशनच्या तोंडावर असं अशुभ काय बोलता!” म्हटलं, तुम्ही आत जा. सरळ ‘जा’ म्हटलं.

बुध., २२ जाने.

पुन्हा पोचवला. 

“जाते, नंदू.”

“येते म्हण.” पदर धरला.

“जाते.”

कमलाबाई मधे पडली, “बोलून टाका ना काकी, येते. काय बिगडते? आम्ही सांभाळून घेऊ.” तिच्यावर डाफरले. म्हटलं, तेच बोलून मागच्या वेळी दिवसभर गेटवर बसवला मी त्याला. पदर सोडवून घेतला आणि तिसऱ्यांदा म्हटलं, मोठ्याने. आवाज चिरकला.

तो ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज. रिक्षा वळेपर्यंत ऐकू येत होता. रिक्षावाला आरशातून बघायला लागला तर म्हटलं, समोर बघ.

जन्मात कोणाला ‘जाते’ म्हटलं नव्हतं. नंदूच्या बाबांना दवाखान्यात शेवटचं बघितलं तेव्हाही ‘डबा घेऊन येते’ म्हणाले होते. डबा घेऊन गेलेही. ते नव्हते.

आज केस धुतले नाहीत, चहाही केला नाही.

गुरु., २३ जाने.

राहिला.

कमलाबाई म्हणाली, “ताट फेकलं, काकी. खूप रडला. मग थकून खिचडी खाल्ली अन् झोपला. गेटकडे गेलाच नाही.” कशाला जाईल? कोणी येत नाही असं सांगूनच गेले होते मी.

सर म्हणाले, ठेवू. म्हणजे ऑप. नक्की. आनंद व्हायला हवा.

रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसला. वाटेत मावा जिलेबी घेऊन दिली, ती खाल्ली, बोटंही चाटली. बोलला नाही.

शनि., २५ जाने.

अबोला चालू. आंघोळ घालून घेतो, जेवतो, खांद्यावर भार टाकतो. दुकानातून आले तर खिडकीत कोणी नाही. आत भिंतीकडे तोंड करून बसलेला. “नंदू, आली,” मीच म्हटलं. हूं की चूं नाही.

रवि., २६ जाने.

वै. आली. नंदूने तिला मिठी मारली, मला दाखवून मारावी तशी.

जेवण झाल्यावर म्हणाली, “आई, रागावू नकोस. राहू शकतो ना तो? मग कायमचंच एखादं ठिकाण बघू या का? तुला किती दिवस झेपणार?”

हातातलं झाकण आपटलं. म्हटलं, मला उसंत हवी होती, सुटका नाही. ती रडली. “मग तुझ्यानंतर काय, ते तरी सांग,” म्हणाली. मी भांडी आवरायला घेतली.

आणि खोटं कशाला लिहू. त्या दिवशी केस धुताना क्षणभर माझ्याही मनात आलंच होतं, की हे असंच राहिलं तर.

मंगळ., २८ जाने.

दवाखान्यात. थोड्या वेळाने नेतील. उपाशी ठेवलंय म्हणून डोकं फिरलंय. वै. बाकावर पेंगते आहे.

काल त्याला पोचवला. वाटेत मनातल्या मनात तयारी करत होते, तो ‘येते म्हण’ म्हणणार, पदर धरणार, मी सोडवणार. ओसरीवर त्याला बसवला, स्वेटरची बटणं लावली.

“नंदू, जाते.”

त्याने माझ्याकडे बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं.

“जा,” म्हणाला.

आणि उठून आत गेला. दोन वेण्यांची मुलगी टाळ्या वाजवत त्याच्यामागे गेली. मी गेटपर्यंत तीनदा वळून बघितलं. ओसरीवर कोणी नाही, गेटवर कोणी नाही. हेच तर पाहिजे होतं मला. तिथेच गज धरून रडले, कमलाबाईने पाणी आणून दिलं.

रागाने म्हणाला, की मुभा दिली, की मी शिकवलेला शब्द नुसता परत दिला? वै.ला विचारलं. ती म्हणाली, “समजला असेल गं तो.” समजला असेल तर ते जास्त वाईट. सकाळी कमलाबाईला फोन केला तर म्हणाली, “पोहे खातोय, काकी. तुम्ही बेफिकीर जा.” तीही ‘जा’च म्हणाली.

पुढचं काय ठरवलंस, असं वै. झोपायच्या आधी पुन्हा विचारत होती. म्हटलं, आधी माझं पोट शिवून होऊ दे, मग भांडू.

बरी झाले की आधी दापोऱ्याच्या रस्त्याला जाणार. मला गेटात बघून तो ‘ये’ म्हणतो का, तेवढं मला बघायचंय.