तुझ्या खुणा, म्हैसूरच्या वर्गात

ती. सौ. आईस,
म्हैसूरहून शाल्मलीचा नमस्कार.

मी मजेत आहे. मेसचं सांबारही आता आवडतं. बाबांचा खोकला थांबला का?

व्हिडिओ कॉल टाळते म्हणून रागावू नकोस. तुला ऐकू येत नसलं, तरी माझा चेहरा बघितलास की सगळं कळतं.

विशेष शिक्षणाचं आमचं कॉलेज लहानसं आहे. तास इंग्रजीत होतात, पण जेवताना सगळ्या कन्नडात बोलतात आणि मी नुसती हसते.

काल कर्णबधिर मुलांच्या वर्गावर माझा सराव पाठ होता. मी खुणांनी गोष्ट सांगितली. छोट्या स्पंदनाने हातांनीच विचारलं, “हे कोणी शिकवलं?”

“आईने.”

“ती कुठाय?”

“लांब.”

“चल, तिला आणू या,” अशी खूण करून ती माझा हात ओढत दाराकडे निघालीसुद्धा. मला रडू आवरलं नाही गं.

तुझी,
शाल्मली