शांत माणसाची बायको

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही हे पोटभर जेवले! वर आणखी मागून घेतलं. मी नुसती त्यांच्या ताटाकडे बघत बसले.

गेल्या बुधवारी ह्यांच्या बसचे ब्रेक गेले. तेही पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर, गाडी खच्चून भरलेली असताना. ह्यांनी ती भिंतीला घासत घासत थांबवली. कुणाचा जीव गेला नाही, एका म्हाताऱ्या बाईंचा हात मोडला तेवढाच. घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "आज जरा उशीर झाला." बस्स! बाकीचं मला शेजारणीकडून कळलं.

चौकशी होईपर्यंत घरी बसायचं आहे. आणि घरात हे असे! झोप छान, भूक छान, वर शीळ घालतायत. रात्रभर जागी असते ती मी. अपघात नक्की झाला कुणाला?

५ फेब्रुवारी

शिवणाच्या दुकानात आज एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करायची होती. एकच पाय चार बोटं जास्त कापला! मालक म्हणाला, "बाई, त्या माणसाचे दोन्ही पाय सारखे आहेत." हसावं की रडावं! कात्री हातात घेतली की तो उतार डोळ्यांपुढे येतो. आणि मी तर गाडीत नव्हतेसुद्धा.

६ फेब्रुवारी

विचारलं, "अहो, तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली असेल."

असेल?!

८ फेब्रुवारी

डेपोने समुपदेशक बाई नेमल्यात. आज मलाही बोलावलं होतं. बाई तरुण, आवाज लोण्यासारखा. म्हणाल्या, "संकट एकच असतं, पण प्रत्येक जण ते वेगळं तोलतो. आधी मन विचारतं, हे माझ्यावर किती बेतलंय? मग विचारतं, माझ्याच्याने निभेल का?"

मी म्हटलं, "ह्यांचं मन काही विचारतच नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?" बाई म्हणाल्या.

हे पंख्याकडे बघत होते.

"ताण आला की तुम्ही काय करता?" मला विचारलं.

"बोलते."

"खूप," हे चटकन म्हणाले. तिथे बरं तोंड उघडलं!

निघताना बाईंनी सांगितलं, हातात असेल ते करा, नसेल त्याच्याकडे बघायची नजर बदला. माझ्या हातात काय आहे? कपाळ!

१० फेब्रुवारी

रोज सकाळी "फिरून येतो" म्हणून जे जातात ते दुपारी उगवतात. घामाघूम. कुठे होतात, विचारलं तर म्हणे, "असंच, इकडे तिकडे." इथे मी एकटी धसका घेऊन बसलेय आणि साहेब हवा खातायत.

लेक म्हणते, "आई, बाबांना राहू दे ना त्यांच्या पद्धतीने."

पद्धत! पळ काढण्याला आता पद्धत म्हणायचं.

१२ फेब्रुवारी

भांडले. चांगली कडाडून भांडले. "तुम्हाला काळीज आहे की नाही?"

ते कपडे वाळत घालत होते. एक चिमटा लावला. "आहे." मग दुसरा चिमटा लावला.

मी बादली आपटली. तिचा कान तुटला.

१३ फेब्रुवारी

अबोला. ह्यांना पत्ताच नाही!

१५ फेब्रुवारी

निकाल आला. ह्यांचा दोष नाही, गाडीच नीट तपासलेली नव्हती. सोमवारपासून कामावर. आणि ही बातमी मला कशी कळावी? "अगं, इस्त्री कुठे ठेवलीस?" अशी!

म्हटलं, नका जाऊ. दुसरं काहीतरी बघू.

"दुसरं काय येतं मला?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला इस्त्रीपलीकडचं काहीतरी विचारलं. आणि मी? इस्त्री काढून त्यांच्या पुढ्यात आदळली.

१६ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्या गाडीवरचा कंडक्टर आला होता. आम्ही त्याला लंबू म्हणतो. तो लगेच कामावर गेला होता, दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर. हे अंघोळीला गेलेले. चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, आता मात्र दादांची भीती बरीच गेली बघा. काल पूर्ण उतार डोळे उघडे ठेवून बसले."

"कुठे बसले?"

तो गोंधळला. "म्हणजे... तुम्हाला माहीत नाही?"

रोज सकाळी हे त्याच्या गाडीत बसतात. तिकीट काढून, पुढच्या सीटवर. उतार उतरायचा, खाली उतरून परत वर जाणारी गाडी धरायची, परत खाली. पहिल्या दिवशी थांब्यावर उलटी केली. दुसऱ्या दिवशी दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली. लंबू म्हणाला, "दादा, घरी सांगा तरी." तर म्हणे, "नको. ती आधीच माझ्या वाटणीचंही घाबरतेय."

माझा चहा गार झाला. लंबूचं लक्ष दाराकडे. हे टॉवेलने डोकं पुसत आले आणि म्हणाले, "साखर कमी आहे का रे?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात सुट्टी टाकली. न सांगता ह्यांच्या गाडीत चढले, अगदी मागे बसले. उताराच्या तोंडाशी, टाकीच्या थांब्यावर गाडी थांबली ती हलेचना. लोक कुरकुरायला लागले. आरशात ह्यांची नजर माझ्यावर. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगं, पुढे येऊन बस. मला भीती वाटतेय."

गेले. बसले. एक शब्द बोलले नाही.