टायमिंगची साखळी आणायला गेलात तो दिवस

अहो,

आपलं राज्य झालं हो! चाळीत अजून तोरणं आहेत, पोरं लेझीम खेळतायत. आणि मी दार लावून तुम्हांला लिहायला बसले आहे. सकाळी कुणीतरी आपल्या दाराला डांबर फासून गेलंय. का, ते तुम्हांलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुमच्या त्या हट्टाचा मला अजून राग येतो. टॅक्सीचं इंजिन खडखडायला लागलं, तेव्हा गणपत मिस्त्री म्हणाला, टायमिंगची साखळी ढिली झालीय, तुटली तर इंजिनच जाईल. पण सामान त्याच्याकडून घ्यायचं नाही! मागे त्याने जुनाच पार्ट रॉकेलने धुऊन नवा म्हणून बसवला होता ना. "सामान मी आणीन, तू नुसतं बसव," असं तुम्ही त्याला सुनावलंत. बसवू द्यायची होती त्याला हवी ती! गाडी रस्त्यात बंद पडली असती, एवढंच ना? गाडी दुरुस्त होते हो.

उघडं इंजिन लालबागला गॅरेजात ठेवून, काढलेली साखळी फडक्यात बांधून आपण निघालो. मला गिरगावात आईकडे सोडणार होतात, जयंतीभाईंचं सुट्या भागांचं दुकान वाटेतच. जयंतीभाईंनी जुनी साखळी काउंटरवर पसरली, शेजारी नवी. जुनी चांगली लांब भरली. "बघा भाऊ, खेचून खेचून वाढली," ते म्हणाले. तुम्ही नवीची एकेक कडी चाचपलीत, दातेरी चाकावर चढवून पाहिलीत, तेल अडवणारं ऑइल सील उजेडात धरून फिरवलंत. मी वैतागून म्हटलं, "अहो, मुलगी बघायला आलात का?" तुम्ही दोघंही हसलात.

तेवढ्यात नाक्यावर पोलिसांच्या गोळ्या सुटल्या.

अश्रुधुराने डोळे सुजलेली, रक्ताळलेली माणसं गल्लीत घुसली. एका पोराचा हात कोपरापासून लोंबत होता. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी आरोळी उठली, आणि तुम्हीही आतून तीच आरोळी दिलीत. मग कुणीतरी दुकानाची पाटी वाचली. "गुजराती आहे रे! जाळा!"

जयंतीभाई फळ्या लावायला धावले. पहिला दगड त्यांच्या तोंडावर बसला. दात तुटून रक्तासकट काउंटरवर पडला. तुम्ही त्यांना आत ढकललंत आणि स्वतः दारात उभे राहिलात. का हो? मी मागून सदरा ओढत होते, ते कळलं नाही तुम्हांला?

"अरे, मी लालबागचा! मोर्च्यात लाठ्या खाल्ल्यात मी. ह्या माणसाने कुणावर गोळी झाडली?"

"बाजूला हो!"

"नाही होत."

"गद्दार साला!"

सळई डोक्यात बसली. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही. तुम्ही पडलात तरी ते मारतच होते. मी तुमच्या अंगावर पडले, तर माझ्या पाठीत लाथा बसल्या. आणि त्या शिव्या मराठीत होत्या हो! माझ्या माहेरच्या, माझ्या सासरच्या भाषेत!

ते पांगल्यावर जयंतीभाईंनीच हातगाडी मिळवली. तुमचं डोकं मांडीवर घेऊन ते फुटक्या तोंडाने त्याच गर्दीतून गेले. पुढे पोलिसांनी गाडी अडवली, दंडुके उगारले, मागे फिरायला लावलं. लांबचा वळसा घालून इस्पितळात पोचेस्तोवर तुम्ही गार झाला होतात.

साखळी त्यांनी बाराव्याला घरी आणून दिली. भाऊजींनी ती बसवून घेतली. टॅक्सी आता तेच चालवतात, सुरेख चालते.

काल चाळीच्या सभेत तुमच्या फोटोला हार घालायचा होता. कार्यकर्ते म्हणाले, "वहिनी, पोलिसांच्या गोळीने गेले, एवढंच बोला. आजच्या दिवशी दुसरं काही नको." भाऊजींनीही डोळ्यांनी विनवलं. पण मला खोटं बोलता येईना.

मी म्हटलं, "गोळ्या घालून सरकारने आपली पोरं मारली, ते मी विसरणार नाही. पण ह्यांना गोळी लागली नव्हती. एका गुजराती माणसाला वाचवताना ह्यांना आपल्याच माणसांनी मारलं."

"उतरवा हिला!" कुणीतरी माइक हिसकावला. एक चप्पल तुमच्या फोटोवर आदळली, काच फुटली. भाऊजी त्या माणसाच्या अंगावर धावले आणि भुवई फोडून घेऊन आले.

मग खालच्या मजल्यावरची सोनूमावशी उठली. तिचा मुलगा खरोखरच गोळीने गेला. तिच्यापुढे कोण बोलणार? तिने तुमचा फोटो उचलला, पदराने काचा झाडल्या. बोट कापलं तिचं. फोटो आपल्या मुलाच्या फोटोशेजारी ठेवून म्हणाली, "ह्येका पण हार घाला. माझ्या झिलाच्या बाजूक."

कुणी पुढे येईना. शेवटी तिनेच घातला.

आपली मंजू तेव्हा माझ्या आईकडे पाळण्यात होती. आता शाळेत जाते. काल ती पहिल्या रांगेत बसली होती, घरी येताना माझा हात सोडत नव्हती. एक दिवस ती विचारील. तेव्हा मी तिला नाक्यावरच्या गोळ्याही सांगेन आणि ती सळईही. कुणी मारलं ते सांगेन, तुम्ही कुणासाठी उभे राहिलात तेही. तिच्यापासून काही लपवणार नाही. शब्द देते.

तुमचीच,
शालिनी