साडेसहा तास आकाशात

ता. १४, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, ताईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडू नकोस, आधी वाच.

सोमवारी सकाळी मी एका प्रवास कंपनीच्या कचेरीत घड्याळ दुरुस्तीला गेलो होतो. भिंतीवर ओळीने पाच घड्याळं. खालच्या नावांच्या पाट्या रंगकामासाठी काढून ठेवलेल्या. बंद पडलेलं एक चालू केलं. शेजारचं सात तास पुढे दिसलं, म्हणून तेही मागे फिरवून दहावर आणलं. टेबलामागची मुलगी हसायला लागली. "अहो काका, आमची अख्खी दुपार गिळलीत की! ते बरोबरच होतं. तिथे आत्ता संध्याकाळचे पाच वाजलेत."

तिथे म्हणजे कुठे, असं विचारलं, तर तिने तुझ्या शहराचं नाव घेतलं.

"विमानाला दोनच तास लागतात ना?"

"दोन? सात हजार किलोमीटर आहे, काका. चांगले नऊ तास. तुम्ही तिकिटावरच्या वेळा वजा केल्या असतील. निघायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, पोचायची इथल्या."

पेचकस हातातून पडला. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. 

तिथलं घड्याळ वेगळं, हे मायदेशी असताना गावच्या शाळेत मास्तरांनी पृथ्वीचा गोल फिरवून शिकवलं होतं. तुला फोन करताना मी ते पाळायचोही. पण आई अत्यवस्थ होती त्या दिवशीचा तुझा निरोप, "सकाळी दहाचं विमान, बाराला पोचतो," मी आपल्याच भिंतीवरच्या घड्याळाने वाचला. घड्याळं दुरुस्त करून पोट भरणारा माणूस मी! तू दारात आलास तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालो, "दोन तासांची वाट, आणि रात्रभर झोपा काढल्यास? आई गेली तेव्हा तू निघालाही नव्हतास." तू एवढंच म्हणालास, "दादा, नऊ तास बसून आलोय रे." मी म्हटलं, "खोटं तरी नीट बोल."

तिथले सकाळचे दहा म्हणजे इथले पहाटेचे तीन. आई साडेनऊला गेली. तेव्हा तू साडेसहा तास आकाशात होतास. तीन दिवस हेच गणित पुन्हा पुन्हा मांडतोय. उत्तर बदलत नाही.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. पण मग हे पत्रही अर्धं खोटंच ठरेल.

नऊ वाजता आईने डोळे उघडले होते. "धाकटा कुठवर आला?" मी घड्याळाकडे पाहिलं आणि रागाने म्हणालो, "अजून निघालाही नाही तो."  तिने तोंड भिंतीकडे वळवलं. ते पुन्हा इकडे वळलं नाही.

रोज देवापुढे बसतो. हे त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

काल मामा, मावशी, त्या दिवशी दारात होते ते सगळे, ताईच्या घरी बोलावले. उभं राहून सांगितलं, की धाकटा खरं बोलत होता, चूक माझी. आईला काय म्हणालो तेही सांगितलं. ताई उठून आत गेली.  मामा म्हणाले, "आता तुझ्या आईला कोण सांगणार रे?"

तिला सांगायचं राहिलंच. पण सांगायचं ते सगळ्यांना सांगून झालं, आणि आज तुला.

तुला खोटं ठरवणारा,
दादा