मामा मागच्या सीटवर आडवे होऊ नयेत म्हणून

उदगीर,
शाळेला सुट्टी असलेला दिवस

तीर्थरूप शेषेरावमामांच्या पायावर भाची शिवकन्याचं डोकं.

आम्ही इकडं बरे आहोत. तुमचा गुडघा, मामींचा बीपी आणि घरामागची म्हैस, तिघांचंही कळवा. (म्हशीचं आधी कळवा. ती आटली की मामींचा बीपी चढतो आणि मामींचा चढला की तुमचा गुडघा दुखतो, हे आम्हाला मालूम आहे.) फोन केला असता, पण माझ्या तोंडून 'गाडी' हा शब्द निघाला की तुम्ही 'आवाज कटून राहिला, आवाज कटून राहिला' म्हणत फोन ठेवता. पत्राचा आवाज कटत नाही. ऋतुजा, आजोबांना हे सावकाश वाचून दाखव, आणि मधेच ते उठून म्हशीकडं निघाले तर मागं मागं जाऊन वाच.

मामा, तुमच्या सत्यमच्या साखरपुड्याचं मी विसरले नाही. मी गाडी घेऊन नांदेडहून परत निघाले, आणि उदगीरचं लग्नाचं कार्यालय एकदा डोळ्याखालून घालावं म्हणून तुम्ही मागं विहीणबाईंच्या शेजारी बसलात. कंधार मागं पडेपर्यंत तुम्ही त्यांना सांगत होता की आपण एसटी चालवायचो तेव्हा प्रवाशाच्या कपातला चहा हलत नसे. तेवढ्यात उजवं वळण आलं. गाडी डाव्या कुशीवर कलली आणि तुम्ही वाक्य अर्ध्यात सोडून विहीणबाईंच्या मांडीवर गेलात. टोपी त्यांच्या पर्समध्ये. बाई भली, 'असू द्या, असू द्या' म्हणत तिनं टोपी झटकून दिली, पण पुढं उदगीरपर्यंत तुम्ही ती हातातच धरून बसलात. आणि मग हळदीच्या मांडवात, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर तुम्ही जाहीर केलंत, "शिवकन्याच्या गाडीत मी बसणार न्हाई. तिरडीला बांधलेलं मढंबी त्या गाडीत कलंडंल!" लोक हसले. मीही हसले. पण तुमच्याच शेजारी बसून, तुमच्याच शिव्या खात मी क्लच सोडायला शिकले, आणि तुम्हीच मांडवात असं म्हणावं, हे माझ्या मनाला लई लागलं. रस्त्यानं एसटी दिसली तरी मला वाईट वाटायचं.

मग मी मनावर घेतलं. गाडी तशी गुणी आहे, छोटी आहे, रोज जळकोटच्या शाळेला जाऊन येते, पण वळणावर कलते. का कलते, त्याचा अभ्यास केला (पोरांना गणित शिकवते, दांड्याचा पीळ मला कळणार नाही का?). मागच्या दोन चाकांच्या मधे एक आडवा पोलादी बार बसवतात. गाडी एका बाजूला झुकायला लागली की तो बार पिळला जातो आणि तिला झुकू देत नाही. आपल्या गाडीला कंपनीनं पुढं दिलाय, मागं दिलेला नाही. बाहेरून घेऊन बसवता येतो. जाड मिळतो, बारीक मिळतो, मधला मिळतो, आणि कोणता घ्यावा यावर लोक मोबाईलवर असे भांडतात की आपल्या गावच्या बांधाच्या भांडणाला त्यापुढं अहिंसा म्हणावं.

इथं एक घोळ झाला. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत गॅरेजवाल्या संगप्पाला फोनवर विचारत होते, "बार टाकायचा म्हणजे किती दिवस लागतील? जाड टाकला तर रोज झेपेल का?" हे आमच्या पार्वतम्मा मॅडमनी ऐकलं. (त्या रोज माझ्याच गाडीत येतात. बीदरकडच्या माहेरच्या आहेत, मन सोन्याचं, पण पोटात काही राहत नाही.) संध्याकाळी सासूबाईंचा, म्हणजे चांगुणाबाईंचा गावाकडून फोन. आधी नुसतंच रडणं. मग म्हणाल्या, "शिवकन्या, मास्तरकी पुरंना झाली का गं? बार टाकून राहिलीस म्हनं? आन् आपल्या आळीत?" मी म्हटलं, आत्याबाई, हा बार गाडीच्या खाली असतो. तर आणखी मोठ्यानं रडल्या, "म्हंजी लपवून?"

त्यांची समजूत काढेपर्यंत आमच्या सुदामरावांनी बार मागवूनही टाकला. ते डाळ मिलला तूर खरेदी करतात हे तुम्हाला माहीत आहेच, दाणा जाड दिसला की त्यांचा हात आपोआप पोत्यात जातो. बाजारात होता तो सगळ्यात जाड, वर लाल रंगाचा. मी मधला ठरवला होता. मी म्हटलं, अहो, हा शर्यतीच्या गाडीचा आहे, आपली गाडी शाळेला जाते. तर म्हणाले, "बारीक मालाला भाव न्हाई." संगप्पा गाडीखालून म्हणाला, "अक्का, बसवू का परत पाठवू? माजी पाठ जमिनीला लागून राहिली." मी बसव म्हणाले. खरं सांगू? लाल रंग मलाही आवडला होता.

पहिल्याच वळणावर गाडी पाटासारखी सपाट! मला तर वाटलं, आत्ताच्या आत्ता नांदेडला यावं आणि मामांना मागं बसवून कंधारच्या वळणावरून तीन चकरा माराव्यात. पण मामा, आपले रस्ते. जाड बारानं दोन्ही चाकं अशी जखडली की एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही सोबतीनं थडथडायचं. पार्वतम्मा मॅडम बोलताना शब्दाचे तुकडे व्हायला लागले. त्यांनी "ब-ब-बाई, ह-ह-हळू" म्हटलं की मला वाटायचं त्यांना थंडी वाजून राहिली.

आणि मग ते झालं. जळकोटच्या अलीकडं उताराचं वळण आहे, तिथं कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं शेतातला ओला चिखल रस्त्यावर सांडत नेला होता. मी नेहमीच्या वेगात वळले. पुढची चाकं वळली, पण मागचा भाग माझं ऐकेना. तो स्वतःच्या मतानं घसरत घसरत पुढं आला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी गर्रकन फिरून उदगीरकडं तोंड करून उभी. पुढून मागून वाहन नव्हतं, देवाची दया. इंजिन बंद पडलेलं. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. शेजारी पार्वतम्मा मॅडम डबा छातीशी धरून समोर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अय्यो शिवकन्या, शाळेला दांडी मारायची होती तर घरीच सांगायचं की."

मी हसले आणि हसता हसता रडले. त्यांनी डबा उघडून मला तिथंच रस्त्याकडेला भाकरीचा तुकडा खायला लावला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या दिवशी आम्ही शाळेत उशिरा गेलो. त्यांनी ही गोष्ट मात्र आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. (म्हणून म्हणते, मन सोन्याचं.)

त्या संध्याकाळी मी सुदामरावांना सगळं सांगितलं. ते उठले, गॅरेजला गेले आणि लाल बार काढेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग यावेळी मी निवडला. मधलाही नको म्हटलं. सगळ्यात बारीक घेतला, काळा, दिसायला अगदी गरीब. बार जाड झाला की मागची चाकं निसटायला बघतात, हे मी आता पुस्तकातून नाही, गाडीतून शिकले होते. टायरमधली हवाही नीट करून घेतली. गाडी आता थोडी कलते, पण माणसासारखी कलते. कुणी हाक मारली की आपण जेवढं वळून बघतो, तेवढीच.

तरी माझा स्वतःवर भरवसा नव्हता. म्हणून परीक्षेला सासूबाईंना बसवलं. मागच्या सीटवर, एकट्या, हातात काही धरायला न देता. उदगीरहून लातूरला निघालो. बसताना त्या देवाचं नाव घेत होत्या, मग आवाज बंद झाला. मला वाटलं चक्कर आली. लातूरला गाडी उभी केली, मागं वळून बघितलं, तर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. हलवून जागं केलं. डोळे चोळत बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "निघायचं कवा गं?"

तर मामा, याहून मोठं सर्टिफिकेट मला आरटीओही देणार नाही.

मामींना नमस्कार, सत्यमला आणि नव्या सुनेला आशीर्वाद. विहीणबाई भेटल्या तर त्यांनाही नमस्कार सांगा, बाकी काही सांगू नका.

तुमच्याच शिव्यांवर वाढलेली,
शिवकन्या

ता. क. : हे सगळं एवढं लांबण लावून का लिहिलं, तर लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तुमच्या मोतीबिंदूची तारीख घेतली आहे. 'एसटीनं एकटा जाईन, मग बघू' असं म्हणत तुम्ही दोन उन्हाळे घालवलेत, आणि परवा मामींना म्हैस समजून 'हल' म्हणालात, हेही मला कळलं आहे. येत्या रविवारी सकाळी मी दाराशी गाडी घेऊन येते. धोतर-टोपी बांधून तयार राहा. पुढं बसायचं का मागं, ते तुम्ही ठरवा. येणार नाही म्हणालात तर मी दारातच हॉर्न वाजवत बसेन, तोही एसटीसारखा.

आणखी ता. क. (ऋतुजा, हे मोठ्यानं वाचू नकोस. 'पत्र संपलं' म्हण आणि आत जा.) : खरं सांगायचं तर त्या दिवशी गाडी फिरल्यापासून मी कुठल्याही वळणावर आधीच वेग कमी करते. त्यामुळं सासूबाई झोपल्या ते बारामुळं की माझ्या ब्रेकमुळं, हे माझं मलाच सांगता येणार नाही. आजोबांना बारामुळंच सांग. नाहीतर म्हणतील, 'एवढं तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं व्हतं.' आणि पट्टी सुटल्यावर ते पहिलं काय मागतील ते तुलाही माहीत आहे. म्हणून त्या दिवशी गाडीची चावी तू सांभाळ. माझ्याकडं राहिली तर मी देऊन टाकीन.